रेघ जागेवर, मुंग्या पळतायत

"सर, रेघ जागेवर हाय, पर आतल्या मुंग्या पळत्यात बगा."

सांगलीत विश्रामबागला घराची फरशी बसवणं चालू आहे. कारागिराने लेझर लेव्हल लावली होती आणि भिंतीवरच्या हिरव्या रेघेकडे बघत मान डावी-उजवी करत होता. मीही केली. खरंच पळत होत्या! माझा मायनसचा नंबर. चष्मा काढला तर मानेच्या उलट दिशेने. डोळे किलकिले केले तर दाणे मोठे.

लेझरच्या उजेडात दिसणाऱ्या या दाणेदार ठिपक्यांच्या नक्षीला स्पेकल म्हणतात. भिंत कितीही गुळगुळीत वाटो, प्रकाशाच्या लहरीच्या मानाने ती खडबडीतच. लेझरच्या लहरी तिच्यावरून विखुरतात. कुठे एकमेकींना बळ देतात, कुठे पुसून टाकतात. गंमत अशी, की या नक्षीत सर्वांत जास्त भरणा असतो जवळजवळ अंधाराचा. लखलखीत ठिपके मोजकेच. भिंत बदला, नक्षी बदलेल, पण उजेड-अंधाराची ही वाटणी सहसा तीच.

2014 मध्ये येल विद्यापीठात यारॉन ब्रॉमबर्ग आणि हुई काओ यांनी लहरींची कला (फेज), म्हणजे लहर चढ-उताराच्या कोणत्या टप्प्यावर आहे ते, आधीच ठरवून बदलली आणि ही वाटणीच हलवली. 2018 मध्ये त्यांच्या गटाने ती हवी तशी घडवून दाखवली. अगदी अंधारापासून उजेडापर्यंत सगळ्यांना समान वाटाही!

लेझर प्रोजेक्टरवाले हेच ठिपके घालवायला धडपडतात, आणि ही मंडळी ते बनवून घेतात. मला तर हे दुसरं काम जास्त भारी वाटलं.

गोंधळही मागणीनुसार मिळायला लागला, तर त्याला गोंधळ म्हणायचं का?