रानतुरीचा जीनोम : जोडलं त्याहून तोडलं जास्त

पहिल्या आठवड्यात मॅडमनी माझ्या हातात दहा बिया आणि पॉलिश पेपरचा एक तुकडा ठेवला. "पाठ घास. कवचाला नुसता ओरखडा पुरे, आतली डाळ दुखावू नकोस." रानतुरीची बी मुगाहून बारीक आणि इतकी टणक, की नुसती भिजत घातली तर आठवडा झाला तरी तशीच. एम.एस्सी. करून मुंबईतल्या प्रयोगशाळेत जीनोमवर, म्हणजे सजीवाच्या डीएनएतल्या संपूर्ण मजकुरावर, काम करायला आले होते, डोक्यात संगणक होता, आणि सुरुवात झाली सुताराच्या सामानानं.

रानतूर म्हणजे काजानस स्कॅराबीऑइडिस. आपल्या तुरीची रानटी बहीण. तूर ताठ उभी राहते, ही मात्र वेल. पानं तशीच तीन-तीन, फुलं पिवळी, शेंगा बोटाच्या पेरापेक्षा थोड्या मोठ्या आणि केसाळ. पावसाळा संपता संपता ठाण्याजवळच्या येऊरच्या बाजूला फिरायला गेलात तर गवताला विळखा घालून बसलेली दिसेल. मी तिच्यावर वर्षभर काम केल्यावर ती मला तिथे दिसली. त्याआधी किती वेळा तुडवून गेले असेन कोण जाणे. (आमचं बी वाणं जपून ठेवणाऱ्या जनुककोशातून आलेलं, नोंद असलेलं होतं. रस्त्यावरचं उचलून चालत नाही.)

हिच्यात रस कशासाठी, ते माझ्या अकोल्याच्या काकांना लगेच कळलं. त्यांची तूर दर दोन वर्षांनी शेंगा पोखरणारी अळी खाते. रानतुरीच्या शेंगेवरचे केस दाट असतात, त्यावर ही अळी फारशी टिकत नाही. तो गुण तुरीत आणायचा तर तो कुठल्या गुणसूत्रावर, कुठल्या भागात आहे ते कळायला हवं, आणि त्यासाठी नकाशा हवा.

तुरीचा नकाशा आहे. २०१२ साली 'आशा' या वाणाचा जीनोम प्रसिद्ध झाला, हैदराबादजवळच्या इक्रिसॅट या कृषी संशोधन संस्थेच्या पुढाकारानं. डीएनएच्या (ए, टी, जी, सी अशा) अंदाजे ८३ कोटी अक्षरांपैकी सुमारे ६० कोटी जोडता आली होती. त्या काळातली यंत्रं शे-दीडशे अक्षरांचेच तुकडे वाचायची, त्या मानानं काम मोठंच होतं. उरलेलं जुळेना, कारण तुरीचा निम्म्याहून जास्त जीनोम म्हणजे त्याच त्या मजकुराची पुनरावृत्ती.

ही अडचण मी आईला गणपतीत समजावून सांगितली. ओळीनं पाच आरत्या म्हणताना ध्रुवपद सारखंच येतं, आणि कुणीतरी हमखास शंकराच्या आरतीतून देवीच्या आरतीत घुसतो. सगळे टाळ वाजवत त्याच्या मागे. चूक कळते ती दोन कडव्यांनी. जीनोम जोडणाऱ्या प्रोग्रामचं नेमकं हेच होतं. तुमच्याकडचा तुकडा ध्रुवपदापेक्षा लांब असेल, म्हणजे मागचं कडवंही त्यात असेल आणि पुढचंही, तरच तुम्ही वाट चुकत नाही. आम्ही हायफाय वाचन करून घेणार होतो ते यासाठीच. तुकडा पंधरा-वीस हजार अक्षरांचा, आणि चूक हजारात एखादी.

पण एवढा लांब तुकडा वाचायचा तर डीएनए तेवढा लांब, अखंड हवा. माझे पहिले चार महिने इथेच गेले. पानं द्रवरूप नायट्रोजनमध्ये गोठवून खलात कुटायची, गरम सीटॅबमध्ये (पेशी फोडणारं साबणासारखं द्रावण) घालायची, क्लोरोफॉर्म, मग अल्कोहोल. पुस्तकात डीएनए पांढऱ्या धाग्यासारखा वर येतो. माझ्या नळीत तपकिरी डिंक आला. शुद्धता मोजणाऱ्या यंत्रावर २६०/२८० चा आकडा १.८ च्या आसपास, म्हणजे ठीक. २६०/२३० दोनच्या जवळ हवा, तो एकच्याही खाली. अर्थ असा की नळीत डीएनएसोबत भरपूर साखरेच्या साखळ्या आणि फिनॉलं आहेत.

उपाय एकेक करून सापडले. कोवळीच पानं घ्यायची, मोठी नाहीत. कुंडी दोन दिवस अंधारात ठेवायची, म्हणजे झाड पानातला साठलेला स्टार्च खर्चून टाकतं. कुटलेला चुरा आधी सॉर्बिटॉलच्या द्रावणात धुऊन घ्यायचा. पिपेटच्या टिपचं टोक ब्लेडनं कापून भोक मोठं करायचं, कारण बारीक भोकातून ओढला की लांब डीएनए तुटतो. आणि नळी गदागदा हलवायची नाही, हे तर दहा वेळा ऐकलं. कुंडी मी आमच्या मजल्यावरच्या रिकाम्या कपाटात ठेवायचे. एकदा साफसफाईच्या मावशींनी ती दयेपोटी बाहेर काढून खिडकीत ठेवली आणि वर पाणीही घातलं. त्यांना काय सांगणार? दोन दिवस पुन्हा मोजले.

शेवटी एका सकाळी अल्कोहोल घालून नळी हलकेच उलटी केली तर आत कापसाचा पिंजलेला तंतू तरंगत होता. काचेच्या काडीवर तो गुंडाळताना माझा हात थरथरत होता. मॅडम म्हणाल्या, "आता श्वास घे."

जुलैत दुसरं संकट. डीएनएचे लांब तुकडे कोणत्या क्रमानं लावायचे हे ठरवायला हाय-सी लागतं. पेशीच्या केंद्रकात जे भाग एकमेकांजवळ असतात ते फॉर्मॅलिनानं जागच्या जागी चिकटवायचे आणि मग कोण कुणाच्या शेजारी सापडलं ते वाचायचं. एकाच गुणसूत्रावरचे, जवळजवळचे भाग जास्त वेळा एकत्र सापडतात. त्यासाठी गोठवलेली पानं ड्राय आइसमध्ये बाहेर पाठवायची होती. शुक्रवारी पार्सल दिलं, रात्री धो धो पाऊस, कुर्ल्याला रुळांवर पाणी. पार्सल शनिवार-रविवार कुरिअरवाल्यांच्या गोदामात पडून राहिलं. सोमवारी परत आलेला डबा उघडला तर बर्फ नावालाही नव्हता आणि पानांची शिजवलेल्या पालकासारखी गत झाली होती. कुरिअरवाले म्हणाले, "मॅडम, पाऊस होता ना." पुन्हा बी घासण्यापासून.

त्यापुढचं संगणकाचं काम त्यामानानं झटपट झालं. आधी २१-२१ अक्षरांचे तुकडे मोजून आलेख काढला, त्यात एकच डोंगर. म्हणजे आई आणि बापाकडून आलेल्या प्रतींत फारसा फरक नाही. सुटले. मग हायफायअ‍ॅझम नावाचा प्रोग्राम लावला आणि सकाळी जोडलेले सलग तुकडे, म्हणजे काँटिग, तयार.

त्यातला एक काँटिग पाहून मी नाचायचीच बाकी होते. सुमारे पन्नास लाख अक्षरं, एकही खोट नाही, दोन्ही टोकं एकमेकांना जुळून पूर्ण वर्तुळ. वनस्पतीच्या गुणसूत्राला वर्तुळ कुठून असणार, हा प्रश्न मला अर्ध्या तासानं पडला. ब्लास्टमध्ये, म्हणजे आधी नोंदलेल्या डीएनएशी जुळवून पाहणाऱ्या प्रोग्राममध्ये, टाकलं तर पानावर राहणारा जिवाणू. सगळ्यात सुबक जोडणी झाली होती ती आम्हाला नको असलेल्या पाहुण्याची. तो काढला. हरितलवकाचा सुमारे दीड लाख अक्षरांचा जीनोमही शेकडो तुकड्यांत विखुरला होता, तो वेगळा केला.

जोडणी किती पूर्ण आहे ते तपासणाऱ्या बुस्को या प्रोग्राममध्ये गुण चांगले पडले. शेंगवर्गीय झाडांत हमखास एकेकच सापडायला हवीत अशी ५,३६६ जनुकं तो शोधतो. पण बुस्को म्हणजे हजेरीपट. सगळे हजर आहेत एवढंच सांगतो, कोण कुणाच्या बाकावर बसलाय ते नाही.

मग मी 'आशा'शी तुलना केली आणि एका गुणसूत्रावर बराच मोठा भाग उलटा दिसला. रानटी आणि लागवडीच्या जातींत असे उलटलेले भाग सापडतात, त्यावर लोक शोधनिबंध लिहितात. मी चार स्लाइड केल्या. बैठकीत मॅडमनी शांतपणे विचारलं, "आपल्याच हाय-सीवर पाहिलंस?" नव्हतं पाहिलं. संध्याकाळी ज्यूसबॉक्स या प्रोग्राममध्ये हाय-सीचा नकाशा उघडला. जे भाग जास्त वेळा एकत्र सापडतात, तिथे तो लाल. सगळं नीट असेल तर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत एक लाल कर्ण दिसतो आणि त्यावर अकरा चौकोन, अकरा गुणसूत्रांचे. माझ्या त्या भागाच्या दोन्ही कडांपाशी कर्णावरचा लाल रंग तुटून कर्णाबाहेर फुलपाखराच्या पंखासारखा पसरला होता. म्हणजे क्रम लावणाऱ्या प्रोग्रामनं तो काँटिग उलटा बसवला होता. माउसनं निवडला, उलटवला, फुलपाखरू गेलं. शोधनिबंधही गेला.

खरं दुखलं ते त्यापुढचं. आमचा दुसऱ्या क्रमांकाचा लांब काँटिग. त्याचा अर्धा भाग तिसऱ्या चौकोनाशी लाल आणि उरलेला अर्धा आठव्याशी. सांध्यावर जाऊन मूळ वाचनं पाहिली. बाकी सगळीकडे एकावर एक तीसच्या आसपास वाचनं, आणि या ठिकाणी दोन. दोन्ही बाजूंना एकच पुनरावृत्ती. आरती बदलली होती.

तोडायचं म्हणजे एन-फिफ्टी पडणार. सगळे तुकडे मोठ्यापासून लहानापर्यंत मांडून लांबी मोजत गेलं की एकूण लांबीचा निम्मा टप्पा ज्या तुकड्यावर पार होतो, त्याची लांबी म्हणजे एन-फिफ्टी. हाच आकडा सगळे आधी विचारतात आणि मी तो दोन महिने गळ्यात मिरवत होते. चुकीचे सांधे जेवढे जास्त, तेवढा तो छान दिसतो, हे मात्र कुणी विचारत नाही. मी मॅडमना म्हटलं, "थोडा कमी होईल." त्या म्हणाल्या, "होऊ दे. काकांच्या अळीला एन-फिफ्टी कळत नाही." तोडलं. मग बाकीचे सांधेही एकेक करून तपासले आणि आणखी काही तोडले. त्या तीन आठवड्यांत मी घरी बहुतेक रोज रात्री अकराच्या लोकलनं गेले.

काका दिवाळीत मुंबईला आले तेव्हा प्रयोगशाळा बघायला आले. स्क्रीनवरच्या अकरा चौकोनांत त्यांना रस नव्हता. त्यांनी कुंडीतली शेंग बोटांत धरली, अंगठ्यानं उलटी घासली आणि म्हणाले, "कूस आहे चांगली. पण दाणा केवढासा गं! हे आमच्या तुरीत आणाल तेव्हा फक्त कूसच आणा."

सध्या मी टोकं शोधतेय. बहुतेक झाडांत गुणसूत्राच्या टोकाला टीटीटीएजीजीजी ही सात अक्षरं शेकडो वेळा ओळीनं येतात. ती सापडली की समजायचं, इथे गुणसूत्र संपलं. अकरा गुणसूत्रं म्हणजे बावीस टोकं. बहुतेक मिळाली, आठव्याचं एक टोक काही मिळत नाही. तिथे पुनरावृत्ती इतकी लांब आहे की वीस हजार अक्षरांचा तुकडाही आतच बुडतो. आता नॅनोपोअर या यंत्रावर लाखभर अक्षरांचे तुकडे वाचून पाहायचे ठरलंय, म्हणजे डीएनए आणखी लांब हवा. काल कुंडी कपाटात ठेवली आणि दारावर मावशींसाठी मोठ्या अक्षरांत चिठ्ठी लावली आहे.