लंडनला येताय? मग कार्ड कुठं टेकवायचं ते आधी बघा

नाशिकरोडहून शालिमारला सिटीलिंकनं निघालात की कंडक्टर जवळ येतो, कुठं उतरणार विचारतो आणि तिकीट हातात देतो. लंडनमध्ये हे विचारणारं कुणी नाही. पिवळ्या गोल यंत्रावर कार्ड टेकवायचं आणि पुढं सरकायचं. मुलांकडे महिनाभर राहायला येणाऱ्या आई-वडिलांचे पैसे जास्त जातात ते बहुतेक या टेकवण्यातच.

तयारी नाशिकमध्येच करा. आपल्या बँकांच्या कार्डांवर परदेशातला वापर आणि कॉन्टॅक्टलेस या दोन्ही सोयी बहुधा बंद असतात. बँकेच्या ॲपमध्ये जाऊन दोन्ही चालू करा. कार्ड व्हिसा, मास्टरकार्ड किंवा अमेरिकन एक्स्प्रेसचं हवं, रुपे चालत नाही. कार्डाचा भरवसा नसेल तर ट्यूबच्या, म्हणजे भुयारी रेल्वेच्या, स्टेशनवरच्या यंत्रातून ऑयस्टर हे आधी पैसे भरून वापरायचं प्रवासाचं कार्ड घ्या. त्यात रोख पैसेही भरता येतात. बसमध्ये मात्र २०१४ पासून रोख घेतच नाहीत.

माणशी एक कार्ड. बाबांनी टेकवलं आणि त्याच कार्डावर आईही आत गेली, असं होत नाही. सकाळी प्लास्टिकचं कार्ड आणि परतताना तेच कार्ड फोनमधून, हेही नको. बँकेचं खातं एक असलं तरी यंत्राच्या लेखी ते दोन वेगळे प्रवासी असतात. मग दोन्हींचा हिशेब वेगळा होतो आणि दिवसभराच्या कमाल आकारणीच्या मर्यादेचा फायदा मिळत नाही. ट्यूबमध्ये आत जाताना एकदा आणि बाहेर पडताना एकदा टेकवायचं. डीएलआर या हलक्या रेल्वेच्या बऱ्याच स्टेशनांवर फाटकच नसतं, यंत्र खांबावर असतं, आणि विसरायला होतं ते तिथंच. बसमध्ये उलट, चढताना एकदाच. उतरताना काही करायचं नाही.

बसची सवय लावून घ्या, खिशाला परवडते. मार्च २०२३ मध्ये भाडं १.७५ पौंड झालं. पहिल्यांदा टेकवल्यापासून तासाभरात कितीही बसा बदला, पुन्हा पैसे नाहीत. दिवसभराची कमाल आकारणी तीन भाड्यांएवढी. गुडघे दुखत असतील तर बसच बरी. पायरी खाली असते आणि रॅम्पही असतो. ट्यूबच्या २७२ स्टेशनांपैकी साधारण एक तृतीयांशच अशी आहेत की रस्त्यापासून फलाटापर्यंत जिना लागत नाही. कोव्हेंट गार्डनला लिफ्टची रांग बघून कुणी जिन्याकडे वळलं, तर १९३ पायऱ्या आहेत.

एसटीत बायकांना अर्धं तिकीट आणि पंचाहत्तरीनंतर फुकट प्रवास, ही चैन विसरा. इथल्या ज्येष्ठांच्या सवलती इथं राहणाऱ्यांनाच मिळतात. अकरा वर्षांखालच्या नातवंडांना मात्र मोठ्यांबरोबर ट्यूब फुकट असते. ११ ते १५ वर्षांच्या पाहुण्या मुलांसाठी ऑयस्टर घेऊन स्टेशनवरच्या कर्मचाऱ्याकडे ‘यंग व्हिजिटर’ सवलत मागा. १४ दिवसांपर्यंत निम्मं भाडं लागतं. मागितली नाही तर आपणहून कुणी देत नाही.

सोमवार ते शुक्रवार सकाळी साडेसहा ते साडेनऊ आणि संध्याकाळी चार ते सात ट्यूबचं भाडं चढं असतं. मोजतात ती आत जातानाची वेळ. नऊ अठ्ठावीसला फाटकाशी पोचलात तर दोन मिनिटं थांबा.

हीथ्रोवर पहिली चूक होते. एलिझाबेथ लाइन आणि हीथ्रो एक्स्प्रेस एकाच फलाटावर येतात, दोन्हींत तेच कार्ड चालतं, पण एक्स्प्रेस बरीच महाग आहे आणि पॅडिंग्टनशिवाय कुठंच नेत नाही. साउथॉलला उतरायचं असेल तर एलिझाबेथच. सगळ्यात स्वस्त ट्यूबची पिकाडिली लाइन. मध्य लंडनला तासभर लागतो, पण जड बॅगा नसतील तर तीच घ्यावी.

मराठी माणसाच्या फिरण्यात तीन ठिकाणं हमखास असतात. १९३२ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र मंडळासाठी राखाडी ज्युबिली लाइननं डॉलिस हिल. बेकर स्ट्रीटवरून चुकून मेट्रोपॉलिटन लाइन पकडलीत तर पंचवटी जशी पाडळी-आस्वलीला न थांबता निघून जाते, तशी ती डॉलिस हिल ओलांडून थेट वेम्बली पार्कला नेते. तिथून उलट्या दिशेची ज्युबिली घ्या. वेम्बली पार्कला बाहेर मात्र पडू नका.

बाबासाहेब १९२१-२२ मध्ये राहिले ते किंग हेन्रीज रोडवरचं घर चॉक फार्म स्टेशनजवळ आहे. भगूरच्या सावरकरांचं इंडिया हाउस हायगेटमधल्या ६५, क्रॉमवेल अव्हेन्यूला; त्यासाठी आर्चवे. दोन्ही स्टेशनं काळ्या नॉर्दर्न लाइनवर, पण कॅम्डन टाउनच्या पुढं ही लाइन दुभंगते. चॉक फार्मसाठी एजवेअरची गाडी, आर्चवेसाठी हाय बार्नेटची. एकाकडून दुसरीकडे जायचं तर चॉक फार्महून एक स्टेशन मागं कॅम्डनला यायचं, फलाट बदलायचा आणि मग तिसरं स्टेशन आर्चवे. गाडीच्या कपाळावरचं शेवटचं स्टेशन वाचल्याशिवाय चढू नका. आर्चवेहून पुढं चढ आहे. आंबेडकरांच्या घरात संग्रहालय आहे. क्रॉमवेल अव्हेन्यूला मात्र भिंतीवरची निळी पाटी रस्त्यावरूनच बघायची, आत लोक राहतात.