वार्षिक वर्गणी

रविवार, रात्रीचे साडेदहा. नौपाडा, ठाणे.

आज सात फोन झाले. मी क्लासवाल्यांना हजेरी आणि फीचं सॉफ्टवेअर विकते. मे संपत आला की माझा हंगाम सुरू होतो, कारण क्लासवाल्यांचं वर्ष जूनला उघडतं. सगळ्यांना एकच सांगायचं होतं, "यंदापासून वार्षिक वर्गणी ३,६०० रुपये." गेल्या वर्षी २,४०० होती. पहिला फोन लावायच्या आधी गॅलरीतल्या कुंड्यांना दोनदा पाणी घालून झालं.

पहिला फोन कळव्याच्या चित्रकला क्लासच्या सरांना. आकडा सांगितला आणि थांबले. पूर्वी मी थांबत नसे. आकडा तोंडातून बाहेर पडला की लगेच "पण तुम्ही जुने आहात, तुमचं बघू आपण" अशी पुस्ती जोडायचे आणि समोरच्यानं न मागितलेली सूट देऊन मोकळी व्हायचे. आज काही बोलले नाही. पलीकडे पंख्याची घरघर ऐकू येत होती, कुणीतरी बादली सरकवली. मग सर म्हणाले, "बरं. पावतीवर क्लासचं नवीन नाव टाका तेवढं." झालं. पाच-सहा सेकंदांची शांतता सहन होत नाही म्हणून इतकी वर्षं मी स्वतःच्या कष्टाचे पैसे सोडत आले.

एकट्यानं ऑनलाइन धंदा उभा करणाऱ्या कुणी विचारलं की आधी काय शिकू, तर मी हेच सांगीन. किंमत सांग आणि गप्प राहा. वेबसाइट, जाहिरात, लोगो सगळं मागाहून जमतं.

आमच्या घरात पैशाचं बोलणं हलक्या आवाजात व्हायचं. बाबा बँकेत होते. दिवसभर लोकांच्या नोटा मोजायचे, पण शेजाऱ्याला दिलेले पाचशे परत मागायला त्यांना महिना लागायचा. ते माझ्यात उतरलंय. आणि माझं सॉफ्टवेअर तरी काय करतं? फी राहिलेल्या पालकांना क्लासच्या वतीनं आठवण करून देतं. शिकवणाऱ्याला तोंडानं मागणं जड जातं, म्हणून ते चालतं. गिऱ्हाइकाचं हे दुखणं मला इतकं आतून कळतं, कारण ते माझंही आहे.

ते पहिल्यांदा नीट दिसलं ताईंच्या वर्गात. राम मारुती रोडच्या मागच्या गल्लीत त्यांचा भरतनाट्यमचा वर्ग आहे. चार वर्षांपूर्वी एक अख्खी दुपार मी तिथे चटईवर बसून होते, फक्त बघत. ताईंची फीची वही लाल कापडी बांधणीची, कडा झिजून पांढऱ्या झालेल्या. फी आली की नावापुढे निळ्या पेनाची खूण. आली नसेल तर नावाच्या शेवटच्या अक्षराखाली पेन्सिलीचा बारीकसा ठिपका, मुद्दाम शोधला तरच दिसेल असा. मी विचारलं, "लाल शाईनं का नाही करत?" तर म्हणाल्या, "अगं, मुली येता-जाता वहीत डोकावतात. घरून फी आली नाही हे मैत्रिणींसमोर त्या पोरीला कशाला कळायला हवं?"

माझ्या स्क्रीनवर तेव्हा नावापुढे लालभडक चौकोनात 'थकबाकी' असं यायचं. वर्ग चालू असताना शिक्षक माझं ॲप का उघडत नाहीत, याचं कोडं मला सहा महिने सुटत नव्हतं. त्या रात्री मी तो लाल चौकोन काढला आणि राखाडी ठिपका टाकला. मग हळूहळू वर्गातल्या वर्गात हजेरी लागायला लागली. त्याआधीचे सहा महिने मी रंगीत आलेख बनवण्यात घालवले होते, ते कुणीच मागितले नव्हते. तेव्हापासून नवीन काही बांधायच्या आधी मी एकदा तरी कुणाच्या तरी वर्गात जाऊन बसते.

'वर्गणी' हा शब्दही असाच सापडला. आधी मी 'सबस्क्रिप्शन' लिहायचे आणि दर दोन दिवसांनी प्रश्न यायचा, "म्हणजे नक्की काय? किती वेळा कापणार?" एकदा मराठी ग्रंथसंग्रहालयात पुस्तक बदलायला गेले होते. संस्था १८९३ सालची, आणि सभासद वर्गणी भरतात हे ठाण्यात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. घरी येऊन तो एक शब्द बदलला. ते प्रश्न जवळजवळ थांबले.

महिन्यावरून वर्षावर मात्र मी ठेच लागल्यावर आले. सुरुवातीला महिन्याला १९९ रुपये कार्डावरून आपोआप यायचे. १ ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेचा नियम पक्का लागू झाला. दरमहा कापायच्या पैशांसाठी ग्राहकानं आधी एकदा ओटीपी देऊन संमती नोंदवायची, आणि प्रत्येक वेळी पैसे कापायच्या किमान २४ तास आधी त्याला सूचना जायची. नियम ग्राहकाच्या भल्याचाच होता आणि तारीख आधीपासून माहीत होती. मी तयारी केली नाही, ही माझी चूक. त्या महिन्यात ६१ पैकी २२ जणांचे पैसे आलेच नाहीत, आणि त्यातल्या निम्म्यांना फोन करायला मला लाज वाटली. ते सुटले ते सुटलेच.

मग बसून विचार केला. क्लासवाल्याच्या हातात पैसा कधी असतो? जूनमध्ये, फी जमा होते तेव्हा. म्हणून वर्षाची वर्गणी, जूनमध्येच. पण वर्षाचा पैसा एकदम आला की हात सैल सुटतो. म्हणून आलेली रक्कम मी वेगळ्या खात्यात ठेवते आणि त्यातला बारावा हिस्सा दर महिन्याच्या एक तारखेला घरखर्चाच्या खात्यात 'पगार' म्हणून घेते. मार्चमधला आगाऊ कर त्यातच बाजूला पडलेला असतो. गेटवेचे, म्हणजे ऑनलाइन पैसे माझ्यापर्यंत पोचवणाऱ्या कंपनीचे, दोन टक्के आणि त्यावरचा १८ टक्के जीएसटी धरला तर ३,६०० मधले ८५ रुपये तिथेच जातात, तेही आधीच वजा करून बघायची सवय लावली. उद्यम नोंदणी, म्हणजे लहान धंद्याची सरकारी नोंद, सरकारी पोर्टलवर फुकट होते, त्यासाठी कुणाला पैसे देऊ नयेत. जीएसटीची नोंदणी सेवा देणाऱ्याला वर्षाला २० लाखांच्या उलाढालीपर्यंत सक्तीची नाही. माझी गाडी अजून त्याच्या बरीच अलीकडे आहे, पण सीएला वर्षातून एकदा भेटतेच.

आजचा सातवा फोन मी केलेला नव्हताच. संध्याकाळी तलावपाळीला फेऱ्या मारत होते तेव्हा ताईंचा आला. "माझं बिल कुठाय?"

ताईंना मी चार वर्षं फुकट वापरायला दिलंय. त्या दुपारचं ऋण, असं मनात धरून. मी म्हणाले, "ताई, तुमच्याकडून कसे घेऊ?" त्या चिडल्याच. म्हणाल्या, "मी फुकट कुणाला शिकवत नाही, माहितीये ना? फुकट असलं की मला काही सांगायला तोंड राहत नाही. किती द्यायचे ते सांग."

मी कठड्याला टेकले. "३,६००," म्हणाले, आणि गप्प राहिले.

घरी येईपर्यंत पैसे आले होते. पावती पाठवली, तर पाच मिनिटांत त्यांचा मेसेज. रविवारच्या सकाळच्या बॅचची हजेरी शनिवारच्या तारखेला पडते, दोन वर्षं झाली, आणि अरंगेत्रमच्या, म्हणजे पहिल्या जाहीर नृत्यप्रयोगाच्या, मुलींची फी वेगळी धरता येत नाही. चार वर्षांतली ही त्यांची पहिली तक्रार.

तारखेची चूक सापडली आहे. उद्या सकाळी चहाआधी तेच करते.