चहा घ्या, प्रायश्चित्त नाही लागणार

आमच्या तरुण संघाचं स्नेहसंमेलन नाताळच्या आधीच्या शनिवारी, गुरुवार पेठेत पंच हौदाच्या चर्चच्या आवारात भरायचं. कार्यक्रम सहाचा. म्हणजे पेटीवाले काका पेटी घेऊन आले की सहा वाजले असं समजायचं. त्या पेटीची मधली एक पट्टी दाबली की वर यायचीच नाही. काका गाता गाता ती नखाने उचलायचे, पण भजनाचा ठेका कधी हलला नाही.

हो, भजनच. टाळ, तबला, पेटी. बाहेरच्यांना वाटतं, ख्रिस्ती म्हटलं की गिटार आणि इंग्रजी गाणी. मराठीत ख्रिस्ती भजनं लिहिणाऱ्या रेव्हरंड ना. वा. टिळकांना जाऊन शंभरावर वर्षं झाली, तरी हे नवल काही ओसरत नाही.

मध्यंतरात चहा आला की संघाचे सेक्रेटरी दरवर्षी तेच ओरडायचे, "घ्या घ्या, प्रायश्चित्त नाही लागणार!" १८९० साली याच मिशनमध्ये लोकमान्य टिळक, न्यायमूर्ती रानडे वगैरे मंडळींपुढे चहा-बिस्किटं आली होती. आनंदीबाई जोशींचे यजमान गोपाळराव यांनी नावं छापून आणली आणि पुण्यात ग्रामण्य पेटलं, म्हणजे मिशनऱ्यांचा चहा घेणाऱ्यांना वाळीत टाकायचं की प्रायश्चित्त द्यायचं, असा वाद. कोण प्यायलं, कोणी नुसताच पेला हातात धरला, यावर केवढा खल! आम्ही मात्र दुसरा कप मागायचो.

शाळेत माझं वेगळंच. आडनावावरून कळायचं नाही, डब्यात पोळी-भाजी. मी मुद्दाम सांगतही नसे. राज्यघटनेचं कलम २५, धर्म आचरण्याचं स्वातंत्र्य, नागरिकशास्त्रात तोंडपाठ होतं. पण डबा उघडला की डोळ्यात काहीतरी गेल्यासारखे डोळे चोळत मी प्रार्थना उरकायचो.

आठवीत संमेलनात शास्त्रवाचन माझ्याकडे आलं. बायबलमधलं लूक, दुसरा अध्याय, येशूच्या जन्माची गोष्ट, लाऊडस्पीकरवर. खुर्च्या कमी पडल्या म्हणून शेजारच्या गणेश मंडळाची पोरं त्यांच्या खुर्च्या घेऊन आली, त्यात माझ्या बाकावरचा मित्र! डोक्यावर चार खुर्च्यांची चळत घेऊन तो फाटकातच थांबला. माझा आवाज फाटला. ऐन फुटण्याच्या वयातला आवाज, त्यात हे. पुढची ओळ सापडेना, बोट पानावर घसरत होतं. तो शेवटपर्यंत तसाच उभा, खुर्च्या खाली ठेवायचंही विसरलेला.

सोमवारी मधल्या सुट्टीत त्याने विचारलं, "ते उतारशाळा म्हणजे लॉज का रे?"

"तसंच. खानेसुमारीची गर्दी होती, जागाच नव्हती."

"आमच्या नाना पेठेत पालखी मुक्कामाला असली की हेच होतं. ओसरीवर पाय ठेवायला जागा नसते." मग जरा थांबून म्हणाला, "पण बाळंतीण बाई म्हटल्यावर आमच्या आजीने घरात घेतलं असतं."

मी डबा उघडला, हात जोडले, डोळे मिटले. या वेळी चोळले नाहीत. उघडले तेव्हा त्याने माझ्या डब्यातली नाताळची करंजी उचलली होती, पण खाल्ली नव्हती.

"झालं का? खाऊ?"