दुसऱ्या देशाच्या टीमसोबत रस्त्यांचा डेटा जुळवला, माझा अनुभव

रस्ता किती खडबडीत आहे याचा डेटा दोन देशांनी एकमेकांना द्यायचा म्हटलं की सगळ्यांना वाटतं फाइल पाठवली की झालं. आमच्याकडे बंप इंटिग्रेटर या धक्के मोजणाऱ्या मशीनचे जुने आकडे, ३२ च्या स्पीडला गाडीमागे ओढून घेतलेले, मिमी प्रति किमी. आणि समोरच्यांकडे लेझरवरून काढलेला आयआरआय, म्हणजे खडबडीतपणाचा आंतरराष्ट्रीय निर्देशांक (इंटरनॅशनल रफनेस इंडेक्स), मीटर प्रति किमी. एकातून दुसरा काढायला वर्ल्ड बँकेचं समीकरण आहे, बीआय (बंप इंटिग्रेटरचा आकडा) म्हणजे ६३० गुणिले आयआरआयचा १.१२ वा घात, त्याने आयआरआय २ ला साधारण १३७० येतं. पण ते सरासरी नातं, तुमच्या मशीनची स्प्रिंग ढिली झालीये की टायरमध्ये हवा कमी आहे हे त्याला काय कळणार!

मग जे १९८२ मध्ये ब्राझिलियात झालं तेच छोट्या प्रमाणावर करायचं ठरलं. तिथे ब्राझील, फ्रान्स, ब्रिटन, अमेरिका, बेल्जियम या सगळ्यांची मशिनं एकाच रस्त्यांवरून फिरवली होती आणि त्यातूनच आयआरआय आला, ८० च्या स्पीडला एका चाकाची सस्पेन्शन किती हलेल याचा हिशोब. (माझ्या मते रस्त्यांच्या रिसर्चमध्ये देशांनी मिळून केलेलं इतकं कामाचं दुसरं काही नाही.)

आम्ही गुळगुळीत ते पार उखडलेले असे तुकडे निवडले, ट्रॅफिक थांबवला, चाकपट्टीवर (जिथून चाक जातं ती पट्टी) दर २५० मिमीला खडूची खूण, एकाने स्टाफ म्हणजे उंची मोजायची उभी पट्टी धरायची, एकाने लेव्हलच्या दुर्बिणीतून वाचायचं, एकाने लिहायचं, स्टाफ सुट्या खडीवर टेकला की रीडिंग परत. या उंचींवरून त्या तुकड्याचा आयआरआय काढायचा आणि दोन्हीकडच्या मशिनांचे आकडे त्याच्याशी ताडायचे. कंटाळवाणं काम, पण याला शॉर्टकट नाही.

तरी आकडे जुळेनात. आमची सरासरी एका किमीची, त्यांची १०० मीटरची, म्हणजे आमच्यात खराब पट्टा चांगल्यात मिसळून गायब. वर ते दोन्ही चाकपट्ट्यांच्या प्रोफाइलची (चढउताराच्या नोंदीची) आधी सरासरी काढून मग आयआरआय काढत होते, त्यात डाव्या-उजव्या बाजूचा फरक आपसात कटतो आणि आकडा कमी येतो. हे त्यांच्या रिपोर्टमध्ये कुठेच नव्हतं, विचारल्यावर लगेच सांगितलं.

आता आम्ही थेट कच्चं प्रोफाइलच मागतो आणि पुलांचे जॉइंट कुठे आहेत ते वेगळं लिहून घेतो. स्पीडब्रेकरवरून वाद अजून चालूच आहे, ते म्हणतात डेटातून काढा, आम्ही म्हणतो गाडीला तर ते बसतातच ना.