चौथ्या टेकमधली बॅटरी

काकूंना मी प्रत्यक्ष कधी भेटलेले नाही. तरी बोलायला सुरुवात करण्याआधी त्या चष्म्याची उजवी काडी चाचपतात, अवघड प्रश्न आला की आधी खिडकीकडे बघतात आणि उगाच रंगवून सांगणं त्यांच्या स्वभावात नाही, हे मला पक्कं ठाऊक आहे. एडिट टेबलवर बसणाऱ्याचं असंच असतं. एखाद्या माणसाला महिनोन् महिने फ्रेम फ्रेम करून बघायचं आणि त्या माणसाला आपलं नावही माहीत नसायचं. काकूंना माझं नाव आता माहीत झालंय. ते कसं झालं, ते सांगते.

आमचा माहितीपट एका जुन्या खुनाबद्दल आहे. ओळख पटेल असे तपशील इथे देत नाही. काकू तेव्हा अकरा वर्षांच्या होत्या. रात्री जाग आली म्हणून खिडकीशी गेल्या आणि शेजारच्या अंगणातून कुणीतरी जाताना त्यांना दिसलं. त्याच रात्री शेजारी खून झाला होता. एकाला पकडलं, खालच्या कोर्टात शिक्षा झाली, काही वर्षांनी वरच्या कोर्टानं त्याला सोडलं. ओळख पटलीच नव्हती, हे कारण. तो माणूस आता हयात नाही. त्याची मुलगी आहे. आमच्या दिग्दर्शकाला होकार द्यायला तिनं दीड वर्ष घेतलं.

काकूंची पहिली मुलाखत पावणेतीन तासांची. त्यातली माझ्या कामाची वाक्यं दोनच: ‘पाठमोरा माणूस होता. अंधारच होता, बाकी काही दिसलं नाही.’ कोर्टातल्या साक्षीच्या नकलेतही अगदी एवढंच आहे. उलटतपासणीत वकिलानं त्या पोरीला कपडे, उंची, चाल, सगळं विचारून पाहिलं. ती दर वेळी ‘दिसलं नाही’ म्हणाली. अकरा वर्षांच्या मुलीनं भरल्या कोर्टात एवढं ठाम राहणं सोपं नव्हतं. ते कागद वाचताना मला तिचा फार अभिमान वाटला होता.

अडचण अशी की ‘काही दिसलं नाही’ याचं चित्र काढता येत नाही. म्हणून मग नाट्यरूपांतर, म्हणजे नटाकडून तो प्रसंग करून घेऊन चित्रित करायचा.

रात्रीचं चित्रीकरण होतं. आमचा छायाचित्रकार उत्तम आहे, मी काम केलेल्यांमध्ये सर्वांत बारकाईनं बघणारा. पण कॅमेऱ्याला उजेड लागतोच. तो उजेड आकाशातून टपकल्यासारखा खोटा दिसू नये म्हणून फ्रेमच्या आतच एखादा दिवा ठेवतात. इथे नटाच्या हातात बॅटरी दिली. पहिल्या दोन टेकमध्ये ती उजव्या हातात होती. कॅमेरा डावीकडे असल्यामुळे उजेड नटाच्या अंगाआड जायचा. तिसऱ्या टेकला छायाचित्रकारानं हात बदलायला सांगितला. चौथ्या टेकमध्ये अंगणाच्या मध्यावर बॅटरी विझली. आतली स्प्रिंग सैल होती. नट थांबला नाही. त्यानं बॅटरी मांडीवर दोनदा आपटली, ती लागली आणि तो चालत राहिला. दिग्दर्शक खूश झाला. असं लिहून सुचत नाही, म्हणाला, आणि तोच टेक ठेवला. मीसुद्धा आनंदानं लावला. तीन महिने तो माझ्या एडिटिंगच्या टाइमलाइनवर होता आणि मला त्यात काहीही खटकलं नव्हतं. हे मुद्दाम लिहितेय, कारण पुढे मी इतरांवर बरंच रागावले आहे.

पाच महिन्यांनी काकूंची दुसरी मुलाखत झाली. पहिलीत आवाजाच्या काही जागा बिघडल्या होत्या, तेवढंच परत घ्यायचं होतं. त्याच रात्री दिग्दर्शकाचा फोन आला. आवाज थरथरत होता. ‘काकूंना आठवलं! इतक्या वर्षांत कुणाला न सांगितलेलं त्यांनी आज सांगितलं. तू फक्त बघ.’

मंगळवारी सकाळी रशेस, म्हणजे न कापलेलं मूळ चित्रीकरण, आल्या. नव्या मुलाखतीला मी आधी चित्र लावत नाही. ट्रान्स्क्रिप्टचा कागद समोर ठेवून नुसता आवाज ऐकते. चेहरा दिसला की त्यावर विश्वास बसतो आणि शब्दांकडे दुर्लक्ष होतं. पंचविसाव्या मिनिटाला काकू म्हणाल्या, ‘डाव्या हातात बॅटरी होती त्याच्या. मधेच विझली. मग त्यानं मांडीवर आपटली, दोनदा, आणि परत लागली. आणि तो माणूस डावखुरा होताच की, तेव्हा सगळ्यांना माहीत होतं.’

मी आवाज थांबवला. ‘दोनदा’ हा शब्द कागदावर होता, त्याच्याकडे बघत बसले. मग चौथा टेक उघडला, त्याचा आवाज बंद केला आणि काकूंचं वाक्य त्याच्याखाली लावलं. विझणं, आपटणं, लागणं, सगळं क्रमानं जुळलं. एका क्षणाचाही फरक नव्हता म्हटलं तरी चालेल, कारण त्या जे बघून सांगत होत्या तेच माझ्या पडद्यावर चाललं होतं.

सैल स्प्रिंग आमच्या बॅटरीची होती. डावा हात आमच्या कॅमेऱ्याच्या जागेमुळे आला होता. आणि सुटलेला तो माणूस खरोखरच डावखुरा होता. वार डाव्या हाताचा आहे असा सरकारी पक्षाचा मुद्दा होता, वरच्या कोर्टानं तो मानला नव्हता. आता आमच्या फिल्ममध्ये एकमेव साक्षीदार, इतक्या वर्षांनी, तो हात दाखवून देत होती.

शोध घेतल्यावर कळलं ते इतकं साधं होतं की मला रडू आलं. निर्मितीतल्या एका मुलीनं काकूंना फोनवर ती क्लिप दाखवली होती. अंगण बरोबर दिसतंय का, एवढंच विचारायला. काकूंनी ती तीनदा बघितली. खिडकी थोडी उंच हवी होती, म्हणाल्या. मुलीनं ते वहीत लिहून घेतलं, तारखेसकट. तिच्या मनात खोट नव्हती, उलट ती बरोबरी तपासत होती. अशी दक्षता आमच्या धंद्यात फार थोडे दाखवतात.

दिग्दर्शकाला वाटलं, क्लिप बघून काकूंची खरी आठवण जागी झाली असेल. मी त्याला दोन्ही टाइमकोड, म्हणजे चित्रीकरणातल्या वेळेचे आकडे, शेजारी ठेवून दाखवले. तरी तो म्हणाला, ‘अगं, पण त्या किती ठाम आहेत बघ.’ ठामपणा हा पुरावा नव्हे, हे आमच्या क्षेत्रातल्या माणसाला सांगावं लागतं याचं वाईट वाटलं. अमेरिकेत रोनाल्ड कॉटनला १९८४ च्या बलात्काराच्या गुन्ह्यात पीडितेनं फोटोंमधून ओळखलं, मग प्रत्यक्ष रांगेत ओळखलं, आणि प्रत्येक ओळखीबरोबर तिची खात्री वाढत गेली. पुढे खरा गुन्हेगार कोर्टात तिच्यासमोर आणला, तेव्हा तिनं त्याला ओळखलं नाही. कॉटन दहा वर्षांहून जास्त तुरुंगात होता. १९९५ मध्ये डीएनएमुळे सुटला. ती बाई खोटं बोलत नव्हती. तिच्या डोळ्यांपुढे जो चेहरा होता तोच ती सांगत होती.

आमची संशोधक मुलगी तरुण आहे, बोलते कमी. दुसऱ्या दिवशी तिनं माझ्या टेबलावर एक छापील निबंध आणून ठेवला, एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर या मानसशास्त्रज्ञांचा, १९७४ चा. विद्यार्थ्यांना मोटारींच्या टकरीची फिल्म दाखवली. काहींना विचारलं, गाड्या एकमेकींना ‘लागल्या’ तेव्हा वेग किती होता? काहींना विचारताना ‘लागल्या’च्या जागी ‘जोरात आदळल्या’ अशा अर्थाचा शब्द घातला. आठवड्यानं सगळ्यांना विचारलं, फुटलेली काच पाहिलीत का? फिल्ममध्ये काच फुटलेलीच नव्हती. सौम्य शब्द ऐकलेल्या ५० पैकी ७ जण हो म्हणाले, जोरदार शब्द ऐकलेल्या ५० पैकी १६. तिथे एका क्रियापदानं काच फुटली होती. आम्ही काकूंना सबंध दृश्य दाखवलं होतं, प्रकाशयोजनेसकट.

काकूंचं ते वाक्य काढायला दिग्दर्शक त्याच दिवशी तयार झाला. तो अप्रामाणिक माणूस नाही. खरं भांडण झालं ते पुढे, बॅटरीच्या शॉटवरून. तो ठेवायचा म्हणत होता. कोपऱ्यात ‘नाट्यरूपांतर’ अशी पट्टी आहे, रिक्रिएशन सगळेच करतात, अमेरिकन माहितीपटकार एरॉल मॉरिसनंही केलं. केलं, हे खरं. त्याचा ‘द थिन ब्लू लाइन’ मी किती वेळा बघितलाय याची गणती नाही. पण मॉरिसनं तीच रात्र पुन्हा पुन्हा दाखवली, ज्या साक्षीदारानं जशी सांगितली तशी, दर वेळी वेगळी. बघणाऱ्याला कळतं की ही सगळी चित्रं एकाच वेळी खरी असू शकत नाहीत. फिल्म १९८८ ची. पोलिसाच्या खुनासाठी दोषी ठरलेला रँडल डेल अ‍ॅडम्स बारा वर्षांहून अधिक काळ आत काढून १९८९ मध्ये सुटला, त्यात या फिल्मचा वाटा मोठा होता. आमच्याकडे एकच रात्र, एकच माणूस आणि त्याच्या डाव्या हातात बॅटरी. आणि ती चार सेकंदांची पट्टी कोण वाचतं? प्रेक्षक चित्र बघतात, चित्रच लक्षात ठेवतात. काकूंनीही तेच केलं.

यातली जी गोष्ट मला सर्वांत जास्त छळते ती अशी. आमच्या निवेदनातल्या प्रत्येक वाक्याला आधार द्यावा लागतो. संहितेच्या उजव्या रकान्यात साक्षीचं पान, निकालपत्राचा परिच्छेद, वर्तमानपत्राची तारीख लिहायची. वकील ओळ न् ओळ तपासतात. ‘त्या रात्री तो’ लिहिलं तर ‘त्या रात्री एक व्यक्ती’ करायला लावतात. ‘त्याच्या डाव्या हातात बॅटरी होती’ असं निवेदनात लिहिलं असतं, तर कागदात कुठे आहे म्हणून ते वाक्य दहा मिनिटांत उडालं असतं. तेच चित्रात आलं आणि तीन तपासण्यांमधून सरळ पार झालं. चित्राला उजवा रकानाच नाही. नटाला कोणते कपडे द्यायचे, तो घाईनं चालेल की दबकत, मागे वळून बघेल की नाही, हे सगळं कपडेपट, कला विभाग आणि त्या दिवसाचा उजेड ठरवतो. यातलं प्रत्येक उत्तर एका खऱ्या माणसाबद्दल काहीतरी सांगत असतं. मी इतकी वर्षं हे काम करतेय आणि हा रकाना मागायचं मला कधी सुचलं नाही. आता मागते. पुढच्या कामात नाट्यरूपांतराच्या प्रत्येक शॉटला आधाराचं पान लिहिल्याशिवाय मी तो टाइमलाइनवर घेणार नाही, असं निर्मात्यांना लेखी कळवलंय. उत्तर आलेलं नाही.

शॉट काढला. त्या जागी आता रिकामं अंगण आहे, जेमतेम दिसेल इतक्या उजेडात, आणि वर काकूंचा पहिल्या मुलाखतीतला आवाज. ‘पाठमोरा माणूस होता’ आणि ‘अंधारच होता’ यांच्यामध्ये त्या अकरा सेकंद गप्प बसल्या होत्या. लय तुटते म्हणून ती जागा मी सुरुवातीलाच कापली होती. ती परत जोडली. फिल्म दाखवणाऱ्यांकडून शेरा आला, ‘इथे चित्र कमी पडतंय.’ आम्ही ते तसंच ठेवलंय, आणि या वेळी दिग्दर्शक माझ्याआधी बोलला.

काकूंना सांगायचं कुणी, हा प्रश्न उरला. ज्या मुलीनं क्लिप दाखवली ती तयार होती, पण ते ओझं तिच्यावर टाकणं बरोबर नव्हतं. शेवटी मी फोन केला. नाव सांगितलं, काम सांगितलं. त्यांचा आवाज मला इतका ओळखीचा, आणि त्या मात्र परक्या बाईशी बोलावं तसं जपून बोलत होत्या. मी सगळं क्रमानं सांगितलं. उजवा हात, डावा हात, सैल स्प्रिंग, नटानं मांडीवर आपटणं. त्यांनी मधे एकदाही अडवलं नाही. मग म्हणाल्या, ‘पण बाळा, मला ती दिसतेय ना. आत्ताही दिसतेय.’

मी म्हटलं, ‘हो काकू. ती दिसतच राहील बहुतेक. चूक आमची आहे.’

बराच वेळ नुसता श्वास ऐकू येत होता. त्या खिडकीकडे बघत असणार. मग त्यांनी विचारलं, ‘मग तेव्हा कोर्टात मी जे सांगितलं, ते तरी माझं होतं का गं?’

या प्रश्नाची तयारी मी केली नव्हती. अकरा वर्षांच्या त्या मुलीला कोर्टात उभं करण्याआधी कोण भेटलं, कुणी काय काय विचारलं, हे कुठल्याच कागदात नाही. मला माहीत होतं तेवढंच सांगितलं. तुमची तेव्हाची साक्ष आणि आमच्या पहिल्या मुलाखतीतली दोन वाक्यं अगदी एक आहेत. वकिलानं खोदून खोदून विचारलं तरी तुम्ही ‘दिसलं नाही’ म्हणत राहिलात, ते पान माझ्यासमोर आहे. त्या म्हणाल्या, ‘ते मला पाठवशील? आणि ती पहिली मुलाखत. जशी आहे तशी, काही न कापता.’

पानाचा फोटो पाठवला. मग पावणेतीन तासांची मुलाखत, बिघडलेल्या आवाजासकट, सबंध चढवली. मूळ रशेसच्या आणखी दोन प्रती करून वेगवेगळ्या ठिकाणी ठेवल्यात, कारण बॅटरीच्या आधीच्या काकू आता फक्त तिथेच आहेत. त्यांनी फाइल उतरवून घेतल्याचं मला इकडे दिसतंय. त्याला आज नऊ दिवस झाले. त्यांचा फोन आलेला नाही, आणि मी पुन्हा करावा की नाही हे मला कळत नाहीये.