मनोऱ्यावरून दिसणारी कराची

मनोरा म्हटले की मुंबईत राहणाऱ्या माणसाला नरिमन पॉइंटचे आमदार निवास आठवते. कराचीचा मनोरा मात्र बंदराच्या तोंडाशी आहे: समुद्रात घुसलेला जमिनीचा चिंचोळा तुकडा, त्यावर दीपगृह, आणि बंदरात येणारे-जाणारे प्रत्येक जहाज त्याच्या अगदी जवळून सरकणारे. १९७१ च्या भारत-पाकिस्तान युद्धात भारताचे नौदलप्रमुख असलेल्या, १९१५ साली जन्मलेल्या सरदारीलाल मथरादास नंदा यांचे बालपण या मनोऱ्यावर गेले. कुटुंब मूळचे पंजाबचे, पण मुलगा वाढला तो जहाजांचे भोंगे ऐकत, आणि नोकरीला लागला तोही कराचीच्या पोर्ट ट्रस्टमध्ये. कोणत्या धक्क्याला किती पाणी आहे आणि तेलाच्या टाक्या कोणत्या बाजूला आहेत, हे त्यांना नकाशा न उघडता ठाऊक असणार.

१९४१ मध्ये, दुसरे महायुद्ध चालू असताना, ते तेव्हाच्या भारतीय नौदलाच्या स्वयंसेवक राखीव दलात अधिकारी म्हणून दाखल झाले. पुढे फाळणी झाली, नौदलाचीही वाटणी झाली, आणि ज्या बंदरात ते लहानाचे मोठे झाले होते तेच शेजारी देशाच्या नौदलाचा मुख्य तळ होऊन बसले. नंदा भारतात राहिले. १९५७ मध्ये आयएनएस म्हैसूर ही क्रूझर, म्हणजे मोठी युद्धनौका, ब्रिटनमध्ये भारताच्या ताब्यात आली, तेव्हा तिचे पहिले कप्तान तेच होते. साठच्या दशकाच्या सुरुवातीला ते माझगाव डॉकचे व्यवस्थापकीय संचालक झाले. त्या गोदीत लीअँडर जातीच्या फ्रिगेट, म्हणजे मध्यम आकाराच्या युद्धनौका, बांधायचे ठरले आणि त्यांतली पहिली, निलगिरी, १९७२ मध्ये नौदलात आली तेव्हा नंदा नौदलप्रमुख होते. युद्धाच्या गोष्टी सांगताना गोदीतली ही वर्षे सगळेच गाळतात. मला वाटते, जहाज म्हणजे काय आणि ते कशामुळे अडून बसते, याची समज माणसाला जहाज चालवण्याच्या कक्षात उभे राहून येते त्याहून जास्त गोदीतच येते.

त्यांच्या युद्धकाळातील कारकिर्दीचे मूळ शोधायचे तर १९७१ च्या आधी १९६५ कडे जावे लागते. त्या वर्षी नंदा दिल्लीत नौदलाच्या मुख्यालयात होते. प्रमुख होते व्हाइस ॲडमिरल भास्कर सदाशिव सोमण आणि संरक्षणमंत्री होते यशवंतराव चव्हाण, त्यामुळे आपल्याकडे त्या युद्धाच्या आठवणी निघाल्या की अभिमानाने निघतात. पण नौदलाच्या वाट्याला त्यातले फारसे काही आले नव्हते. मुंबईपासून २०० सागरी मैलांच्या पलीकडे जाऊ नये आणि पोरबंदरच्या अक्षांशाच्या उत्तरेला कारवाई करू नये, अशी लेखी सूचना सरकारकडून आली होती. युद्ध समुद्रावर पसरू नये, हा तिच्यामागचा हेतू. कराची त्या रेषेच्या बरीच उत्तरेला आहे आणि द्वारकाही. ७ सप्टेंबरच्या रात्री पाकिस्तानी युद्धनौकांनी द्वारकेवर तोफा डागल्या. नुकसान किरकोळ झाले, कारण बरेचसे गोळे मंदिर आणि रेल्वे स्टेशन यांच्यामधल्या मऊ जमिनीत पडले. जवळच ओख्याला आयएनएस तलवार ही युद्धनौका यंत्रातील बिघाडामुळे थांबलेली होती आणि तिला पाठलागाला निघता आले नाही. गोळ्यांनी झाले नाही तेवढे नुकसान या एका रात्रीने नौदलाच्या मनाचे केले. नंदांच्या मनात ही गोष्ट शेवटपर्यंत सलत राहिली.

पुढे नौदलाच्या पश्चिम कमानीचे प्रमुख असताना त्यांनी मुंबईच्या ‘ब्लिट्झ’ साप्ताहिकाला मुलाखत दिली. पुन्हा युद्ध झाले तर आपण ते कराचीच्या दारात नेऊ, ते बंदर आपल्याला चांगले ठाऊक आहे, अशा अर्थाचे ते बोलले. वाचणाऱ्यांना ती बढाई वाटली असेल. १९७० च्या फेब्रुवारीअखेर ते नौदलप्रमुख झाले.

कराचीवर चालून जायला त्यांच्या हाती आले ते मात्र अगदीच छोटे शस्त्र. सोव्हिएत रशियाकडून घेतलेल्या ८ क्षेपणास्त्र नौका बंदराच्या रक्षणासाठी होत्या. प्रत्येकीवर ४ क्षेपणास्त्रे, त्यांचा पल्ला सुमारे ४० किलोमीटर, वेग जबरदस्त, पण इंधन थोडे. एवढी वजनदार नौका उचलून पाण्यात सोडणारी यारी मुंबई बंदरात नव्हती, म्हणून त्या कलकत्त्याला उतरवाव्या लागल्या आणि तिथून दोरखंडाने ओढत मुंबईला आणाव्या लागल्या. अडचण म्हणून केलेल्या या खटाटोपातून एक गोष्ट लक्षात आली: ज्या नौका सारा किनारा वळसा घालून ओढत आणता येतात, त्या शत्रूच्या बंदराजवळही नेता येतील. बचावासाठी घेतलेल्या शस्त्राने चढाई करायची, ही कल्पना तिथून रुजली.

आता उरला होता राजकीय परवानगीचा प्रश्न, आणि इथे मला नंदांचे खरे मोठेपण दिसते. १९६५ सारखी सूचना ऐन वेळी हातात पडू नये म्हणून युद्ध सुरू होण्याआधीच ते इंदिरा गांधींना भेटले आणि नौदलाने कराचीवर हल्ला केला तर सरकारला काही राजकीय अडचण आहे का, असे त्यांनी सरळ विचारले. युद्ध झाले तर ते युद्धच असेल, अशा अर्थाचे उत्तर मिळाल्याचे त्यांनी पुढे आपल्या आत्मचरित्रात नोंदवले आहे. या एका वाक्याने पोरबंदरची ती रेषा पुसली गेली. असा प्रश्न न विचारता गृहीत धरून चालणारे अधिकारी पुष्कळ असतात, आणि नकाराच्या भीतीने तो टाळणारे त्याहून जास्त.

बॉयलरला तडा गेल्यामुळे मंदावलेली विमानवाहू नौका विक्रांत मुंबईत ठेवण्याऐवजी बंगालच्या उपसागरात पाठवली गेली, आणि युद्ध पेटल्यावर तिच्या विमानांनी ४ डिसेंबर १९७१ पासून कॉक्स बझार व चितगावची बंदरे झोडपली. त्याच रात्री निपात, निर्घात आणि वीर या ३ क्षेपणास्त्र नौका किल्तान आणि कच्छल या युद्धनौकांच्या सोबतीने कराचीवर चालून गेल्या. निर्घातच्या पहिल्या क्षेपणास्त्राने खैबर ही विनाशिका पेटली, तेव्हा आपल्यावर विमानाने हल्ला केला आहे असाच तिच्यावरच्या लोकांचा समज झाला, कारण समुद्रावरून असे काही येईल याची कल्पनाच नव्हती. खैबरपाठोपाठ मुहाफिज ही सुरुंगशोधक नौका आणि व्हीनस चॅलेंजर हे मालवाहू जहाजही बुडाले. ८ तारखेच्या रात्री विनाश या क्षेपणास्त्र नौकेने पुन्हा कराची गाठली आणि तेलाच्या टाक्या पेटल्या. दोन्ही हल्ल्यांत आपली एकही नौका गेली नाही. टाक्यांचे श्रेय नौदलाचे की त्याआधी त्यांच्यावर हल्ले करणाऱ्या हवाई दलाचे, यावर निवृत्त अधिकारी अजून हिरिरीने भांडतात. दोन्ही हल्ल्यांच्या मधल्या दिवसांत पाकिस्तानी विमानांनी त्यांच्याच झुल्फिकार या फ्रिगेटला भारतीय नौका समजून झोडपले होते, यावरून तिथे किती धास्ती पसरली होती ते समजते.

नंदा स्वतः ८ तारखेच्या रात्री कराचीच्या आसपासही नव्हते, ते दिल्लीत होते. पुढच्या रात्री मात्र त्यांच्या नौदलाला जबर किंमत मोजावी लागली. ९ डिसेंबरला दीवजवळ हंगोर या पाकिस्तानी पाणबुडीने खुकरी ही भारतीय फ्रिगेट बुडवली. पाणबुडीच्या शोधासाठी ध्वनिलहरींनी पाण्याखालचा वेध घेणाऱ्या नव्या सोनार यंत्रणेला साजेसा कमी वेग ठेवून ती चालली होती, आणि तोच वेग पाणबुडीच्या पथ्यावर पडला. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला जहाज सोडून गेले नाहीत. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक बुडाले.

दीवच्या टेकडीवर खुकरीची छोटी प्रतिकृती काचेत ठेवलेली आहे. मी गेलो तेव्हा खाऱ्या वाऱ्याने काचेवर पांढुरकी साय धरली होती, ती रुमालाने पुसल्यावर आतल्या बोटभर तोफा दिसू लागल्या. बाजूला एक कुटुंब फोटो काढत होते. समोरच्याच समुद्रात, किनाऱ्यापासून सुमारे ४० सागरी मैलांवर, ते जहाज पडले आहे. हंगोर मात्र अनेक दिवसांच्या पाठलागातून निसटली आणि सुखरूप कराचीला पोहोचली. बंदरात शिरताना तिलाही मनोऱ्याच्या दीपगृहाजवळूनच जावे लागले असणार.